रजिस्टर जुळत होतं

2025 च्या 1 मार्चची गोष्ट आहे, शनिवार होता. पाच तारखेला राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) होता म्हणून त्याच्या आधीच सगळ्यांना एक दिवस एकत्र बसवायचं असं ठरलं होतं. त्या दिवसानंतर मी ट्रेनिंग घ्यायची पद्धतच बदलली, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

मी ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या (मंडळी म्हणजे गावातला चर्चचा समाज) वडिलांचं, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांचं, शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या बायबल वर्गाच्या) टीचर लोकांचं, महिला मंडळाचं, खजिनदारांचं प्रशिक्षण घेते. आधी शाळेत शिकवायचे, ते सोडून नऊ वर्षं हेच करतेय. यातल्या कुणालाही पगार नसतो. आमच्या त्या भागात सात गावांच्या सात मंडळ्यांना मिळून एकच पाळक (धर्मगुरू), ते एकेका गावात महिन्यातून एकदा प्रभूभोजनाचा विधी करायला पोचतात, बाकीचे रविवार ही माणसंच चालवतात. देवळाचं (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, घंटा वाजवायची, शास्त्रवाचन करायचं, आजारी माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, कुणी वारलं तर खड्डा खणण्यापासून सगळं. आणि दुसऱ्या दिवशी परत शेतात नाहीतर कामावर.

दिवस तसा अडचणीचाच होता. कांदा काढणी चालू, ऊसतोड संपायची होती, दहावी बारावीच्या परीक्षा चालू. तरी नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) 58 लोक आले, काहीजण पहाटेच्या एसटीने. नेवासा, राहुरी, शेवगावकडचे. सुरुवात भजनाने झाली, पेटी, ढोलकी, टाळ. आमच्याकडे भजन म्हणजे बरीचशी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचीच, ते स्वतः राहुरीला राहून गेलेले, त्यामुळे त्या भागातले लोक ती घरच्यासारखी म्हणतात, पुस्तक उघडावंच लागत नाही. माझ्या मते सगळ्या दिवसातलं निम्मं आध्यात्मिक नवीकरण त्या पाऊण तासातच होतं, पण वरून येणाऱ्या शेड्यूलमध्ये त्याला 'स्वागतगीत 10 मिनिटे' असं लिहिलेलं असतं.

पहिलं सेशन माझं, अर्पण आणि हिशोब. हे मी इतक्यांदा घेतलंय की पाठ आहे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली ती एकट्याच्या हातात दिली नाही, तीताबरोबर आणखी भाऊ पाठवले, कुणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून, 2 करिंथच्या 8 व्या अध्यायात आहे ते. मग नियम. अर्पणाची थैली दोघांनी मोजायची, दोघं एका घरातले नकोत, मोजून झालं की तिथंच रजिस्टरला लिहायचं, दोघांच्या सह्या, घरी नेऊन मोजायचं नाही, आणि सुगीच्या सणाला ज्वारी, कोंबड्या, अंडी यांचा लिलाव होतो त्याची बोली कुणी लावली आणि पैसे कधी दिले हे वेगळ्या पानावर.

आणि दर वेळी मी एका रजिस्टरचा फोटो प्रोजेक्टरवर दाखवायचे, आदर्श नमुना म्हणून. गावाचं नाव झाकलेलं. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही, महिन्याची बेरीज काढलेली, पाळकांच्या पगारासाठी मंडळीने द्यायचा वाटा महिना 3,500, तो दर महिन्याला वेळेवर भरलेला. दोन वर्षं मी तेच पान दाखवत होते. त्या दिवशीही दाखवलं आणि म्हटलं, बघा, बावीस घरांची मंडळी आहे, मनावर घेतलं तर होतं की नाही.

तिसऱ्या रांगेतून एक मामा उठले. सदुसष्ट वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यांच्या मंडळीचे वडील पण तेच आणि खजिनदार पण तेच. कधी ट्रेनिंगमध्ये एक शब्द न बोलणारा माणूस. पिशवी छातीशी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ते रजिस्टर माझंय. आन् ते खोटंय."

हॉल एकदम गप्प झाला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पैसे खाल्ले का काय. खरं सांगते, एक क्षण माझ्याही मनात तेच आलं, आणि त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

मामांनी पिशवीतून एक छोटी डायरी काढली. त्यात खरे आकडे होते. खरं अर्पण महिन्याला चौदाशे, सोळाशे, कधी अठराशेच्या वर गेलंच नाही. तरणी पोरं सगळी चाकण, रांजणगावला कंपनीत, गावात म्हातारे आणि शेतमजुरी करणाऱ्या बाया. कमी पडेल ते मामा स्वतःच्या खिशातून घालायचे आणि रजिस्टरला चार रविवारांमध्ये वाटून लिहायचे, म्हणजे कुणाला कळू नये. चौतीस महिने. 64,600 रुपये. एसटीची पेन्शन ती केवढी, त्यातून हे. "कंडक्टर होतो बाई, हिशोब जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय. कुणीतरी मला म्हणलं होतं, वाटा भरला नाही तर मंडळी शेजारच्या गावात मिळवतील, तुमच्या देवळाला कुलूप लागंल. माझ्या बापानं त्या भिंतीला दगड वाहिलेत. मला घंटा बंद होऊ द्यायची नव्हती."

मग थांबले, आणि जे बोलले ते माझ्या कानातून जात नाही. "हनन्या-सप्पीरानं पैसा ठेवून घेतला आन् खोटं बोलले. मी पैसा घालून खोटं बोललो. पण खोटं ते खोटंच ना? दर रविवारी सही करताना हात कापतो. तीन वर्षं झाली, मला प्रार्थना करता येत नाही. दुसऱ्यांची करतो, माझी होत नाही."

मला काय बोलावं सुचेना. मी शिक्षक आहे, मला ते पान बघून कळायला पाहिजे होतं. जुलैच्या भर पावसातल्या रविवारी, जेव्हा ओढ्याला पाणी आल्यावर त्या गावात चार माणसं पण जमत नाहीत, तेव्हाही तेवढंच अर्पण? आणि बेरीज दर महिन्याला बरोब्बर 3,500, एखाद वेळी 3,510. खऱ्या माणसांचं खरं अर्पण असं कधीच येत नाही. मी अक्षर बघितलं, आकडे बघितलेच नाहीत. आणि वर त्याच पानाने बाकीच्या गरीब मंडळ्यांना दोन वर्षं लाजवत होते.

एका वडिलांनी मामांची बाजू घेतली. म्हणाले, यात चूक काय, उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूनेच सांगितलंय, मत्तय 6. मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, दान गुप्त ठेवावं, पण मग रजिस्टरला 'गुप्तदान' म्हणून लिहिता आलं असतं की. त्यावर मामाच म्हणाले, "बावीस घरात दर महिन्याला गुप्तदान लिहिलं तर गुप्त कोण ऱ्हाईल हो?"

एवढ्यात बायांच्या बाजूने त्यांच्या घरच्या उठल्या. मामी महिला मंडळाकडून आल्या होत्या आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं आता रडारड होणार. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत सरळ नवऱ्याकडे बघून बोलल्या, "गाय इकली तवा मला म्हणले चारा परवडत न्हाई. मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हणले असते का? मी बी घातले असते. आपल्या देवळाला द्यायचा माझा वाटा तुम्ही एकट्यानं दिला. माझं देणं तुम्ही काढून घेतलं, आन् समद्या गावाचं बी."

एवढं बोलून खाली बसल्या. मामा उभेच, मान खाली.

मग पाळकसाहेब उठले. त्यांना मी बरीच वर्षं ओळखते, सात गावं मोटरसायकलवर करून मणक्याचा पट्टा लागलेला माणूस आहे. ते म्हणाले, "मला शंका होती. रविवारी तिथं किती माणसं असतात हे मला माहीत आहे. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तूट निघाली असती आणि तो माझ्याच पगाराचा प्रश्न होता." एवढंच. पुढे आले, मामांच्या हातातली पिशवी घेऊन खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. पाळक मंडळीसमोर असं बोललेला मी नऊ वर्षांत बघितला नव्हता.

चहाची वेळ होऊन गेली होती. मी प्रोजेक्टर बंद केला.

दुपारच्या सेशनचं नाव 'सेवकांचे आध्यात्मिक नवीकरण' असं होतं. माझा चार्ट तयार होता, रोजचं बायबल वाचन, उपवास, पहाटेची प्रार्थना, एकेक मुद्दा रंगीत स्केचपेनने. तो मी बाहेर काढलाच नाही. 58 माणसांना अजून काय काय करायला पाहिजे याची यादी वाचून दाखवायचं माझं धाडसच झालं नाही. त्याऐवजी 1 राजे 19 वाचलं, सावकाश, दोनदा. एलीया थकून झुडपाखाली पडतो आणि आता मरण दे म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, म्हणतो ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो, आणि झोपू देतात त्याला. मग परत भाकर. हा उतारा मी कितीतरी वेळा वाचलाय, पण मी नेहमी घाईने पुढे एलीयाला ऐकू येणाऱ्या देवाच्या मंद वाणीकडे पळायचे, या झोपेपाशी कधी थांबले नव्हते.

मग सगळ्यांना कागद दिले. म्हटलं, नाव लिहू नका, पण मंडळीच्या कामात महिन्याला तुमच्या खिशातून काय जातं ते लिहा. सुरुवातीला कुणी पेन उचलेना. मग लिहायला लागले. शब्बाथ शाळेच्या मुलांचा खाऊ आणि खडू. देवळातला बल्ब. पेटीचा भाता दुरुस्त केला. बाहेरगावच्या उपदेशकाचं जेवण. चार गावं फिरून बायबल सांगणाऱ्या एका बायबलबाईंनी एसटीचं भाडं लिहिलं आणि खाली लिहिलं, 2023 पासून अर्धं तिकीट झालं म्हणून जमतंय. पैशाचं नसलेलंही आलं. एकाने लिहिलं, मुलाचं लग्न मोडलं तेव्हा मीच सगळ्यांची प्रार्थना घेत होतो, माझ्यासाठी कुणी घेतली नाही. फळ्यावर बेरीज केली, महिन्याला अकरा हजारांच्या वर गेली. कुठल्याच रजिस्टरला नसलेले अकरा हजार.

यात माझं मत स्पष्ट आहे. खिशातून घालणं वाईट नाही, त्याच्यावरच आमच्या मंडळ्या उभ्या आहेत. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 ला सुरू झालं, पुढे कित्येक वर्षं शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार यातलं पुष्कळ बाहेरून आलं, तो काळ संपला आणि बरंच झालं. टिळकांनी स्वतः 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली. मंडळी आपल्या पायावर उभी राहायची तर झळ कुणीतरी सोसणारच. पण ती कुणी एकाने लपून सोसली की बाकीच्यांना आपण किती कमी पडतोय हेच कळत नाही, आणि वरच्यांना वाटतं सगळं छान चाललंय, वाटा अजून वाढवू. मी पुढच्या मीटिंगला हे तोंडावर बोलले, अकरा हजाराचा कागद टेबलावर ठेवून. त्या मंडळीचा वाटा कमी करायचा निर्णय लगेच झाला नाही, लिहून द्या म्हणाले, लिहून दिलंय, मागे लागलेय.

त्या दुपारी शेवटी प्रार्थना झाली ती जोडीजोडीने, ज्याने त्याने शेजारच्यासाठी. मामांसाठी एका विशीतल्या पोराने केली, ढोलकीवाल्या. अडखळत, चार वाक्यं असतील. मामा मोठमोठ्याने रडले. मग सगळे जेवले, भाकरी, वांग्याचा रस्सा, शिरा. जेवण खरं तर दुपारी एकला होतं, वाजले होते साडेतीन.

पुढच्याच रविवारी मामांनी स्वतःच्या मंडळीत डायरी वाचून दाखवली. पैसे परत घ्यायला ते तयार नाहीत, मामींचंही तेच म्हणणं. चाकणच्या पोरांना कुणीतरी फोन केले, काहीजण आता महिन्याला फोन पे वर पाठवतात. तूट अजून आहेच.

जूनमध्ये मी मुद्दाम त्या गावाला गेले. उपासना संपल्यावर मामा आणि बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी टेबलाशी बसून थैली मोजत होते. तिला मंडळीने दुसऱ्या सहीसाठी नेमलंय. रजिस्टरला आता लाल पेनने एक नवीन रकाना आखलाय, 'तूट'. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, मामा बोलतील ते तिने लिहायचं. बेरीज आली 499. मामांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. मुलीने मान वर न करताच म्हटलं, "मामा, नाही हं," आणि 499 लिहून रजिस्टर सहीसाठी त्यांच्याकडे सरकवलं.