फॉर्मॅलिनमधला बेडूक उघडताना: माझा अनुभव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या निर्देशांनंतर कॉलेजांतल्या प्रॅक्टिकलमधून प्राण्यांचं डिसेक्शन (शरीर उघडून आतली रचना बघणं) गेलं. म्हणून पुढे सांगितलेलं डिसेक्शन मी केलं ते संग्रहातल्या जुन्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रवात) ठेवलेल्या बेडकावर, हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस या आपल्याकडच्या मोठ्या बेडकाच्या नमुन्यावर.

आधी नमुना रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवला. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, म्हणून हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. मग मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा ठेवून हातापायांत टाचण्या टोचल्या, त्याही बाहेरच्या बाजूला कलत्या. उभ्या टोचल्या तर पुढे कात्रीच्या आड येतात.

त्वचा मधोमध कापली. तिच्याखाली लसिकेच्या (शरीरातल्या पातळ द्रवाच्या) पोकळ्या असल्यामुळे ती स्नायूंपासून सहज सुटते. खरी काळजी पुढच्या थरात. पोटाच्या मध्यरेषेवर, स्नायूंच्या आतल्या बाजूला अग्र उदर शिरा असते आणि जुन्या नमुन्यात ती गडद तपकिरी रेघेसारखी दिसते. म्हणून स्नायूंवरचा काप मध्यरेषेवर न घेता अर्धा सेंटिमीटर बाजूला घेतला. कात्रीचं टोक सतत वर उचललेलं ठेवायचं, नाहीतर खालचं यकृत चिरतं. छातीशी आल्यावर उरोमेखलेची (खांद्या-छातीच्या कड्याची) हाडं दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा हळूच उचलला, कारण हृदय लगेच खाली असतं.

इथे ट्रेमध्ये अवयव बुडतील इतकं पाणी भरलं. या एका गोष्टीनं निम्मं काम सोपं होतं: एकमेकांना चिकटलेले पडदे तरंगून सुटे होतात आणि चिमटा लावायची गरजच कमी पडते.

यकृताचे खंड डोक्याकडे उलटले की त्यांच्यामध्ये हिरवट पित्ताशय दिसतं. जठर बेडकाच्या डाव्या बाजूला असतं. तो उताणा असल्यामुळे आपल्याला ते उजवीकडे दिसतं. आकृतीत बाजूंची अदलाबदल होते ती इथेच. जठर आणि आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) यांच्या वळणात स्वादुपिंडाची फिकट, वेडीवाकडी पट्टी असते. पित्तनलिका याच स्वादुपिंडातून जाते, म्हणून ही पट्टी चरबी समजून ओढली की पुढची सगळी मांडणी बिघडते. आतड्याच्या पडद्यात लालसर, वाटोळी प्लीहा (पाणथरी) सापडते. बेडूक मांसाहारी असल्यानं आतडं आखूड असतं.

हृदयावरचं परिहृद आवरण सुईनं फाडलं. वर दोन अलिंदं (रक्त घेणारे कप्पे) आणि खाली शंकूसारखं, जाड भिंतीचं एकच निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा). शिरांचं रक्त जिथे जमतं ते त्रिकोणी सायनस व्हेनोसस पाठच्या बाजूला असतं. निलयाचं टोक चिमट्यानं धरून पुढे उलटल्याशिवाय ते दिसतच नाही. फुप्फुसं मात्र फॉर्मॅलिननं आक्रसलेली होती, त्यांच्यात बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

आतडं बाजूला केल्यावर पाठीच्या कण्यालगत चपटी, गडद वृक्कं (मूत्रपिंडं) दिसली. नमुना नर होता. वृक्काला टेकून पिवळट, लंबगोल वृषण आणि त्याच्या वर बोटांसारखी चरबीपिंडं. वृषणातून १० ते १२ बारीक शुक्रवाहिन्या वृक्कात जातात. त्यांच्याखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवली तेव्हा कुठे त्या नीट मोजता आल्या. नरात लघवी आणि शुक्राणू एकाच नलिकेतून अवस्करात (मल, मूत्र आणि जननपेशी बाहेर पडायच्या सामाईक पोकळीत) येतात. मादीत तसं नाही: अंडी आधी शरीरपोकळीत सुटतात, मग फुप्फुसाच्या बुडाशी असलेल्या नरसाळ्यातून अंडवाहिनीत शिरतात.

सर्वात जास्त वाया जाणारा अवयव म्हणजे मूत्राशय. दोन खंडांचं, पातळ आणि जुन्या नमुन्यात चुरगळलेलं, त्यामुळे पडद्याचा तुकडा समजून ते कापून टाकलं जातं. मलाशयाच्या पोटाकडच्या बाजूला ते शोधावं. मूत्रनलिका त्याला थेट जोडलेल्या नसतात, त्या अवस्करात उघडतात. नलिका धरून मूत्राशयापर्यंत पोचायचा प्रयत्न म्हणूनच फसतो.

काम झाल्यावर नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला. बरणीच्या आतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिली, कारण बॉलपेनची शाई त्यात विरघळते.