सुतळी, पोस्टकार्डं आणि लाल टोप्या: जाळ्यांचे खेळ कुठवर आले

मागच्या नोंदीनंतर तीन गोष्टी पुढं सरकल्या. टोप्यांचा खेळ एकदाचा जमला, सुतळीच्या रिंगणात एक झकास कोडं सापडलं आणि पत्रांची साखळी खरोखर टपालात पडली. फॉरवर्डच्या खेळावर मात्र अजून काम चालू आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सांगली जिल्ह्यात विट्याजवळच्या आमच्या गावात रविवारी सकाळी आठवी-नववीची पोरं जमतात आणि आम्ही सोशल मीडिया समजून घ्यायचे खेळ खेळतो. पोटापाण्याला हिशेबाचं काम करते, हा नाद वेगळा. खेळात फोन नाही. एक तर फोन आईचा असतो आणि रविवारी तो आईलाच लागतो. दुसरं म्हणजे फोनच्या पडद्यावर प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं दिसतं. कोण कुणाशी जोडलंय याचा सगळा पसारा कंपनीकडं. सुतळीनं तोच पसारा फरशीवर उघडा पडतो. म्हणून प्रत्येक खेळात एक पोरगं खुर्चीवर उभं असतं. त्याला सगळं दिसतं, बाकीच्यांना फक्त हातातले धागे. शेवटी दोघांची उत्तरं ताडून बघायची. माझ्या सगळ्या खेळांचा गाभा एवढाच.

आधी रिंगणाचं कोडं. 24 मुलं गोल उभी करायची, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत शेजाऱ्याशी जोडणारी सुतळी. निरोप धाग्यावरूनच जाणार. एक धागा म्हणजे एक पाऊल, तर सगळ्यात लांबचं पोरगं 12 पावलांवर. मग समोरासमोरच्या दोघांमध्ये एक आडवी सुतळी ताणायची आणि विचारायचं, आता सगळ्यात लांबचं अंतर किती? वर्ग एकसुरात सांगतो, निम्मं झालं. मोजून बघा: 12च्या 12. आडव्या सुतळीच्या टोकांपासून पाव गोल अंतरावर जे दोघं समोरासमोर उभे आहेत, त्यांना आडव्या वाटेनं जायचं तर सहा, एक आणि सहा अशी 13 पावलं पडतात. त्यापेक्षा गोलातून फिरणंच बरं. आता त्या दोघांनाच दुसऱ्या सुतळीनं जोडा. लांबचं अंतर एका झटक्यात 7वर येतं. कागदावर पडताळा, पोरांनी चालून पडताळलंय. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 1998 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं ते हेच: शेजारपाजार तसाच ठेवून थोडे लांबचे धागे टाकले की सगळं जग आकसतं. मात्र पहिल्याच धाग्यानं सगळ्यांचं भलं होत नाही, हे मला या कोड्यामुळं नीट दाखवता आलं.

आमच्याकडं लांबचे धागे शिकवावे लागत नाहीत. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. वर्गात कुणाचा चुलता कानपूरला, कुणाचा मामा कोइमतूरला, सोनं-चांदी गाळत बसलेला. गावातली बाकीची नाती एकमेकांत गुंतलेली, कुणीही कुणाचा पाहुणाच निघतो; पण हे गलाईवाले म्हणजे रिंगणातल्या आडव्या सुतळ्या. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973चा निबंध विरळ ओळखींच्या बळावर आहे. नोकरीची खबर रोजच्या मित्रापेक्षा क्वचित भेटणाऱ्याकडून कळते, कारण रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. पोरांना हे दोन वाक्यांत पटतं. मोठ्यांना सांगायला जास्त वेळ लागतो, का कोण जाणे.

त्यावरूनच पत्रांची साखळी सुरू केली. पोचवायचं कुठं, तर माझी एक मैत्रीण देसाईगंजला, गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. पोरांना तिचं नाव, गाव आणि व्यवसाय एवढंच सांगितलं. तिला ओळखत नसाल तर पाकीट अशा माणसाला द्या, जो तुमच्या प्रत्यक्ष ओळखीचा आहे आणि तिच्या थोडा जवळ असेल असं तुम्हाला वाटतं. पाकिटात 50 पैशांची पोस्टकार्डं घातली. ज्याच्या हातात पाकीट येईल त्यानं एक कार्ड मला टाकायचं आणि पुढं कुणाला दिलं ते लिहायचं. कल्पना माझी नाही. स्टॅनली मिलग्रॅम यांनी 1967 साली छापलेल्या प्रयोगातही मागोवा घेणारी कार्डं होती. पुढं 1969 साली जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्याबरोबर त्यांनी सविस्तर आकडे दिले: नेब्रास्का आणि बोस्टन इथून 296 जणांपासून सुरुवात, पोचायचं बोस्टनच्या एका शेअर दलालापर्यंत. पोचल्या 64 साखळ्या. मधले हात सरासरी 5.2, म्हणजे साधारण सहा पावलं.

‘सहा पावलांचं जग’ सगळ्यांच्या तोंडी असतं. मी पोरांना आधी उरलेल्या 232 साखळ्यांबद्दल विचारते. त्या गेल्या कुठं? 2003 साली ईमेलवर हाच प्रयोग झाला तेव्हा 24,163 साखळ्यांपैकी 384च पोचल्या. वाट आखूड असणं वेगळं आणि वाटेतल्या प्रत्येकानं उठून पाकीट पुढं देणं वेगळं. आमचंही तेच झालं. बरीच पाकिटं कुणाच्या तरी कपाटावर पडून आहेत. नागपूरहून आलेल्या एका कार्डावर फक्त एवढंच: “हे कशाचं आहे? पैसे भरायचे नाहीत ना?” त्या गृहस्थांना दोष देणार नाही. अनोळखी मजकुराला भिण्याची सवय आपण सगळ्यांनीच लावून घेतली आहे आणि बहुतेक वेळा ती कामाची असते. प्रयोगाला मात्र ती मारक.

पोचलेली थोडी आहेत, पण वाटा बघण्यासारख्या. एक पाकीट पोराकडून नागपूरच्या गलाईवाल्या चुलत्याकडं, तिथून त्यांच्या गिऱ्हाईक सराफाकडं, तिथून सराफाच्या ब्रह्मपुरीच्या मेहुण्याकडं आणि मग थेट शाळेत. दुसरं शिक्षकांच्या बदल्यांच्या वाटेनं गेलं. म्हणजे एकानं धंद्याचा धागा पकडला, दुसऱ्यानं नोकरीचा. मिलग्रॅमच्या प्रयोगातही गावाच्या ओळखीतून जाणाऱ्या आणि व्यवसायातून जाणाऱ्या वाटा वेगळ्या पडल्या होत्या. तिथं 64 पैकी 16 साखळ्या शेवटच्या पावलाला एकाच कपड्याच्या व्यापाऱ्याच्या हातातून गेल्या. आमची पाकिटं थोडी, त्यामुळं असा ‘कापडवाला’ सापडलेला नाही. पोरं त्याची वाट बघताहेत.

टोप्यांचा खेळ आता सांगते, कारण हा कुठल्याही वर्गात अर्ध्या तासात होतो. 11 मुलं घ्यायची. तिघं ‘मोठी’, म्हणजे पुष्कळ ओळखींची, आणि आठ ‘साधी’. प्रत्येक साध्या मुलाला मोठ्यांपैकी दोघांशी जोडायचं आणि आठांच्या चार जोड्या लावून जोडीदाराशी एक धागा द्यायचा. मोठ्यांना एकमेकांशी जोडायचं नाही. तिघा मोठ्यांना लाल कागदी टोप्या, बाकीच्यांना पांढऱ्या. सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. स्वतःच्या टोपीचा रंग फक्त धाग्याच्या दुसऱ्या टोकाला चिठ्ठीनं कळवायचा. मग विचारायचं, वर्गात लाल जास्त की पांढऱ्या? आठही साधी मुलं ठामपणे सांगतात, लाल. त्यांना कळलेल्या तीन टोप्यांपैकी दोन लाल असतात, त्यांचं काय चुकलं? खुर्चीवरची पोरगी हसून बेजार, कारण तिला दिसतायत 11 पैकी तीनच. गंमत म्हणजे लाल टोपीवाल्या तिघांना वाटतं, आपण सोडून कुणीच लाल नाही. आता त्याच तीन टोप्या साध्या मुलांपैकी कुणालाही घाला. आठातल्या एकालाही लाल जास्त दिसत नाही. टोप्या तेवढ्याच, डोकी बदलली. क्रिस्टिना लर्मन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली या प्रकाराला ‘बहुमताचा भास’ म्हटलं. एका मुलानं लगेच विचारलं, “मग ताई, सगळ्यांकडं ते बूट हायत म्हणून मी घरात भांडलो, ते?” उत्तर त्याचं त्यालाच कळलं होतं.

हाच सांधा मैत्रीच्या मोजणीत आहे. स्कॉट फेल्ड यांनी 1991 साली दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. पाच जणांवर करून बघा: मधे एक, त्याला चौघं जोडलेले, चौघांचं आपसात काही नाही. मित्रसंख्येची सरासरी 1.6. पण प्रत्येकानं आपल्या मित्रांची सरासरी काढली तर चौघांना 4 दिसतात, मधल्याला 1. सगळ्यांची मिळून 3.4. कुणाचा स्वभाव काढायची गरजच नाही, ज्याच्या ओळखी जास्त तो जास्त जणांच्या यादीत असतो म्हणून हे होतं. 2011 साली फेसबुकच्या 72 कोटींहून जास्त खात्यांवर मोजलं तेव्हा सरासरी माणसाचे मित्र 190 आणि मित्रांच्या मित्रसंख्येची सरासरी 635 आली. हा आकडा सांगितला की नववीच्या मुली गप्प होतात, मग एकदम बोलायला लागतात. हा खेळ मी आता टोप्यांच्या आधी घेते, क्रम तसाच ठेवा.

एक पथ्य. मैत्रीचे धागे मी खऱ्या मैत्रीवरून कधीच काढत नाही. ओळखींची कार्डं घरून बनवून आणते आणि वाटते. जेकब मोरेनो यांनी 1930च्या दशकात न्यूयॉर्कच्या शाळांत ‘शेजारी कोण बसावं’ असं मुलांना विचारून वर्गांचे नकाशे काढले. या विषयाचा पाया तिथंच पडला आणि ते नकाशे आजही बघण्यासारखे आहेत. पण त्यातलं एखादं वर्तुळ असं असतं की त्याच्याकडं एकही बाण येत नाही. संशोधकाच्या टेबलावर ते चालतं. फरशीवर सुतळी पसरून, त्याच पोराला तिथं उभं करून, नाही चालत. असे खेळ घेणाऱ्या आपल्यातल्या काहींचं यावर मत वेगळं आहे, माहीत आहे.

फॉरवर्डचा खेळ. एका मुलाला बातमीची चिठ्ठी, त्यानं ती पाच जणांना नकलून द्यायची, त्यांनी आणखी पाचांना. आकडेमोडीत पाचव्या पावलाला 3,125 चिठ्ठ्या होतात. वर्गात त्या तिसऱ्या पावलालाच आपटतात, कारण माणसंच संपतात आणि तीच बातमी त्याच पोरांकडं पुन्हा येते. इथं मला हवं ते सापडलं. एका मुलाला चिठ्ठी मिळाली आणि त्यानं ती खिशात घातली. तीच बातमी तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाला, “आता खरंच असंल, तिघांकडनं आली की!” चिठ्ठीच्या मागं देणाऱ्यांची नावं क्रमानं लिहिलेली असतात. उलटून वाचल्यावर तिन्हीच्या मुळाशी एकच नाव.

दुसऱ्या फेरीत पाचऐवजी एकालाच द्यायची मुभा. व्हॉट्सॲपनं जुलै 2018मध्ये भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली आणि एप्रिल 2020पासून वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पोरं विचारतात, भारतातच आधी का? तेव्हा मी राईनपाड्याचं सांगते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भिक्षा मागून पोट भरणारी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं जमावानं मारली. व्हिडिओ नाही, वर्णन नाही, एवढंच. आठवीला हे सांगू नये असं दोन पालकांचं म्हणणं पडलं. मला वाटतं सांगावं, कारण ज्या वयात फोन हातात येतो तेच हे वय. पण त्या दिवशी दुसरा खेळ घेत नाही.

व्हॉट्सॲपशिवायही असं होतं याला दाखला 21 सप्टेंबर 1995चा आहे: गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात फोनवरून आणि कानोकानी देशभर गेली, परदेशातल्या देवळांतही पोचली. घरी आजीला विचारून या म्हटलं तर जवळजवळ प्रत्येकाकडं एक गोष्ट असते, आणि ‘आमच्याकडं कुणी सांगितलं’ याचं उत्तर क्वचितच कुणाला देता येतं.

खेळात अडलंय ते असं. चिठ्ठी द्यावी की नाही हे पोरं बातमी वाचून ठरवत नाहीत, बसायच्या जागेवरून ठरवतात. जवळच्याला देतात, मोकळं होतात. खऱ्या जाळ्यात बातमीचा मसाला काम करतो. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ट्विटरवर खोट्या बातम्या पुढं पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त आढळली आणि त्याचं मुख्य कारण बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, नव्हे, माणसंच होती. माझ्या चिठ्ठ्यांत तो मसालाच नाही, कारण गावात खरी वाटेल अशी खोटी बातमी मी लिहून वाटणार नाही. ‘शाळेच्या विहिरीत मगर’ असलं लिहिलं तर सगळी हसतात आणि खेळ मोडतो. सध्या जुन्या काळातल्या, कुणाला न दुखवणाऱ्या खऱ्या-खोट्या गोष्टींच्या जोड्या जमवते आहे. कुणाकडं तयार यादी असेल तर हवी आहे.

पुढचा बेत गाण्यांचा. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 साली 48 अनोळखी गाणी 14 हजारांवर लोकांना ऐकवली. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दाखवले, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट केले, तर प्रत्येक गटात वेगळंच गाणं पुढं जाऊ शकत होतं. गाण्यांऐवजी मी पोरांनीच काढलेली पतंगांची चित्रं घेणार आहे: वर्गाचे चार गट, तीन गटांत फळ्यावर मतं उघड, चौथ्यात डब्यात बंद. पतंग कुणाचा हे झाकायचं कसं, एवढंच उरलंय, कारण पोरं एकमेकांचे रंग ओळखतात. बहुधा सगळी चित्रं काळ्या पेननं काढायला लावीन.