नारळ कोणाशी लढवायचा?

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवतात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, ज्याचा फुटला तो हरला. आम्ही तिघांनी याचाच मोबाइल गेम केला. नारळाची पारख, धरायचा कोन, फटक्याचा जोर, सगळं जमलं. अडलं ते गुणफलकाशी. खेळाडूंची ओळख, मित्र आणि फलक सांभाळणारं नेटवर्क कोणाचं घ्यायचं, हे काही ठरेना. पौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा आज ठरवूनच परतायचं म्हणून आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो.

जुलै महिना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून होड्या झापांखाली आणि खलाशी घरी, मोबाइलवर. चाचणीला याहून चांगली माणसं शोधूनही सापडली नसती.

माझ्या सहकाऱ्याचं मत पक्कं होतं: अँड्रॉइडला गुगल प्ले गेम्स, आयफोनला ॲपलचं गेम सेंटर. दोन्ही फुकट, सर्व्हर आपला नाही, म्हणजे डोकेदुखीही नाही. गेम सेंटर २०१० पासून आहे, गुगलची सेवा २०१३ पासून. शिवाय रेंज नसताना केलेला स्कोअर फोनमध्येच राहतो आणि रेंज आली की आपोआप वर जातो. पावसाळ्यात आधी लाइट आणि मागोमाग टॉवर जाणाऱ्या आमच्या भागात ही केवढी सोय! दुपारपर्यंत मीही त्याच्याच बाजूने होतो.

मग एका खलाशाने लालबागला राहणाऱ्या चुलतभावाला फोन लावला. त्यालाही आम्ही चाचणीची प्रत पाठवली होती. दोघे फोनवरून एकमेकांना स्कोअर ओरडून सांगत होते, पण फलकावर एकालाही दुसरा दिसेना.

"ह्या बोर्डार बाबू दिसणा नाय."

"तेचो आयफोन असा," मी म्हटलं. "त्यांचा फलक वेगळा."

"मगे आमी खेळाचा कोणावांगडा?"

याला उत्तर नव्हतं. आमच्या आधीच्या गेमच्या जागतिक फलकावर वरचे सगळे आकडे बनावट होते, ते बघायला कोण येतो? इथल्या माणसाला हरवायचा असतो तो चाकरमानी भाऊ, नाहीतर शेजारची वाडी. आणि नेमकी तीच माणसं दोन फलकांत विभागली जात होती. पलीकडच्या घरात आणखी एक गंमत. एकच फोन, तीन पोरं, आणि फलकावर नाव बापाचं, कारण फोनमध्ये खातं त्याचं. पोरं आपापसात लढून बापाचा स्कोअर वाढवत होती.

चहा घेताना सहकारी म्हणाला, "मग एखादी तयार सेवा विकत घेऊ, दोन्हीकडे चालणारी." मी जुना इतिहास काढला. ओपनफेंट एके काळी या धंद्यातलं मोठं नाव. २०११ मध्ये जपानच्या ग्री कंपनीने १० कोटी ४० लाख डॉलरना घेतलं आणि १४ डिसेंबर २०१२ ला बंद केलं. गेमस्पार्क्स ही तशीच सेवा ॲमेझॉनकडे गेली, तीही ३० सप्टेंबर २०२२ ला संपली. गुगलने प्ले गेम्स ठेवलं खरं, पण त्यातली समोरासमोर खेळायची सोय ३१ मार्च २०२० ला काढून घेतली. खेळाडूची ओळखच दुसऱ्याच्या दप्तरात असली, तर दुकान बंद होताना आपली गिऱ्हाइकं कुठली हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. पदकं आणि बक्षिसं गुगल-ॲपलकडे राहू दे, खेळाडूची ओळख आणि फलक मात्र आपल्याकडे. त्यासाठी नाकामा घ्यायचं: मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारा सर्व्हर, पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो, उद्या जागा बदलली तरी विदा (डेटा) उचलून नेता येतो. लॉगिनची सक्ती नाही, टोपणनाव घ्यायचं आणि वाडीचा कोड टाकायचा. एका फोनवर चार टोपणनावं चालतील. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायला सांगितलंय. म्हणून फोन नंबर, फोटो, जन्मतारीख काही मागायचंच नाही. रेंज नसताना स्कोअर जपून ठेवायचं काम आता आम्हालाच लिहायचं होतं, तो भुर्दंड मान्य केला.

"आणि रात्री दोनला सर्व्हर पडला तर उठणार कोण?" तिसऱ्याने विचारलं. पाळी लावली. पौर्णिमेच्या रात्रीची माझ्याकडे आली.

वाड्यांची यादी करायला बसलो. मेढा, धुरीवाडा, दांडी, देवबाग, वायरी. काम सोपं वाटत होतं, तोवर एक वहिनी पुढे आल्या. बायकांच्या स्पर्धेत नारळ लढवणाऱ्या, आवाज खणखणीत.

"माका खंयच्या वाडीत घालतलास? म्हायेर देवबाग, सासर वायरी."

सहकारी म्हणाला, सासर. आमच्यातल्या तिसऱ्याने म्हटलं, जिथे राहतात तिथे. वहिनींनी दोघांकडे बघून स्वतःच देवबागचा कोड टाकला, आणि समोर बसलेल्या दिराला पहिल्याच डावात फोडलं. त्याने लगेच तक्रार केली की असं चालणार असेल तर वायरीच्या सगळ्या सुना माहेरून खेळतील. नियम अजून लिहिलेला नाही. सध्या वर्षातून एकदा वाडी बदलायचं बटण ठेवलंय.