आईचा टॅब एकदाचा मोकळा केला

आजची सुट्टी सत्कारणी लागली. आईचा जुना टॅब कपाटात धूळ खात होता. स्क्रीन, बॅटरी ठणठणीत, पण कंपनीने अपडेट द्यायचं केव्हाच थांबवलेलं. वर कंपनीनेच आत कोंबलेली अ‍ॅप्स! काढू म्हटलं तर निघत नाहीत, फार तर ‘डिसेबल’ होतात आणि आगंतुक पाहुण्यासारखी जागा अडवून बसतात. पैसे आपण मोजायचे आणि मालकी त्यांची, हे काही पटत नाही बुवा.

म्हणून लिनिएजओएस टाकलं, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसरं, खुलं अँड्रॉइड. २०१६च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड नावाचं असंच अँड्रॉइड बंद पडलं, त्याच्याच कोडवर हे उभं राहिलं. फुकट आहे, जगभरातले हौशी लोक सांभाळतात.

बूटलोडर (टॅब चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला की सगळा डेटा पुसला जातो, म्हणून आधी नातवंडांचे फोटो लॅपटॉपवर घेतले. मग फास्टबूटच्या कमांडने नवी रिकव्हरी (सिस्टीम बसवायचा छोटा मेनू) टाकली आणि तिच्यातून साइडलोड, म्हणजे लॅपटॉपवरून लिनिएजओएसची फाइल टॅबवर पाठवली. लॅपटॉपवरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला आणि खाली उमटलं, ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. फेल्ड की सक्सेस, एक काय ते ठरवा ना! पण हे नेहमीचंच आहे, काम झालेलं असतं.

तोटेही आहेत. बँकेची काही अ‍ॅप्स अशा टॅबवर चालायला नकार देतात, आणि चालू करताना दरवेळी बूटलोडर उघडा असल्याची धमकीवजा सूचना येते. ती बघून आई म्हणाली, “हॅक केलास की काय रे?” समजावून सांगितलं, तर पुढचा प्रश्न तयार: “ते राहू दे, माझं पंचांग कुठे गेलं?”

आता ते शोधतोय.