ठमीचं अलाइनमेंट: तीन खेपा, दोन बुश आणि एक तंगूस

मंडळी, मागच्या वेळी इंजिन माउंटिंगपर्यंत आलो होतो, त्यानंतर दीड महिना काहीच टाकलं नाही, कारण ठमी (नव्या लोकांसाठी: १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअर, बाबांनी नवीकोरी घेतलेली) डावीकडे ओढायला लागली आणि मी त्याच्याच मागे लागलो होतो. वारजे-बावधन बायपासला ६० च्या स्पीडला स्टेअरिंग जरा सैल धरलं की हळूच डाव्या लेनमध्ये. ब्रेक मारला की अजून जास्त.

बाबा म्हणाले, "अरे रस्ताच डावीकडे उतरता असतो." ते खरंही आहे, पाणी वाहून जायला रस्त्याला उतार देतात, आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा थोडी डावीकडे जातेच. पण हे थोडं नव्हतं. सोसायटीमागच्या सपाट पट्ट्यावरही तेच. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहिले. टायरच्याच पोटात दोष असेल तर ओढ दुसऱ्या बाजूला जाते. ठमी डावीकडेच. म्हणजे टायर निर्दोष सुटले.

निर्दोष म्हणजे काय, झिजले होतेच बिचारे. तळहात टायरवरून आडवा फिरवून बघा: बाहेरून आत नेला तर गुळगुळीत, आतून बाहेर नेला तर करवतीसारखं टोचतंय. हे टो-इन जास्त असल्याचं लक्षण, दोन्ही चाकं पुढून आत तोंड करून चालतायत. उलटं टोचलं तर टो-आउट. ही टेस्ट फुकट आहे आणि पार्किंगमध्ये दोन मिनिटांत होते, फक्त आधी टायरमधली काच-खिळे बघून घ्या, मी एकदा बोट कापून घेतलंय.

रविवारी घरीच मोजायचं ठरवलं. रंगाचे चार रिकामे डबे, त्यात वाळू, वाळूत पाइप, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर मासे पकडायचा तंगूस ताणला. दोरा गाडीला समांतर आणणं हेच खरं काम. डाव्या-उजव्या पुढच्या हबपासून दोऱ्याचं अंतर सारखं, मागच्या दोघांचंही सारखं, पण पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळवायला जाऊ नका, दोन्ही एक्सलची रुंदी वेगळी असते. मी इथेच पहिला दीड तास घालवला. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून दोरा किती लांब ते मोजलं. दोन्ही चाकं मिळून ३ मिमी टो-इन. ऐकायला काहीच नाही ना? १२ इंची रिम म्हणजे ३०५ मिमी, प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिमी, म्हणजे दर किलोमीटरला जवळजवळ ५ मीटर रबर आडवं घासतंय. पुणे-सातारा ११० किलोमीटर धरले तर अर्धा किलोमीटरहून जास्त!

पण टोमुळे गाडी एका बाजूला ओढत नाही. पुढची चाकं तो फरक आपापसात वाटून घेतात, फार तर स्टेअरिंग वाकडं बसतं. ओढते ती कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकणं) किंवा कास्टरमुळे (चाक ज्या अक्षावर वळतं तो वरून मागे कललेला असणं). हे मला माहीत होतं आणि तरी मी सरळ अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) गेलो, हा माझा गाढवपणा.

खेप पहिली. हायवेलगतचं चकाचक दुकान, थ्रीडी मशीन, भिंतीएवढा स्क्रीन. मुलाने चाकांना टार्गेट (मशीनचा कॅमेरा बघतो त्या पाट्या) अडकवले आणि स्क्रीन लगेच लाल. गाडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा मशीनला शिकवायचा असतो, तो प्रकार त्याने वगळला. टर्नटेबलच्या (पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या) पिनाही तशाच आत. पिना काढल्या नाहीत तर चाक मोकळं सरकत नाही आणि रीडिंग खोटं येतं. मी म्हटलं, "दादा, पिना राहिल्यात." तो म्हणाला, "काही फरक नाय पडत साहेब. तुमचा कॅम्बर आउट आहे, जॅक लावून सरळ करतो, ५०० लागतील." म्हणजे हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट (चाकाला वरून धरणारा शॉकअपचा खांब) वाकवणार! वाकलेला आहे की नाही ते न बघता. मी नको म्हटलं, फक्त टो करा. तेवढ्यात चहाला गेलो, तीच चूक झाली.

परत आलो तर स्टेअरिंग एकदम सरळ. खूश होऊन पैसे दिले. घरी पार्क करताना लक्षात आलं की डावीकडे पूर्ण वळवायला जितके फेरे लागतात त्यापेक्षा उजवीकडे कमी लागतायत. पठ्ठ्याने टाय रॉडला (चाक वळवणारा दांडा, याचीच लांबी बदलून टो बसवतात) पानाच लावला नव्हता, स्टेअरिंगचं मधलं नट खोलून ते काढून सरळ दिसेल असं पुन्हा बसवलं होतं. टाय रॉडच्या चेक नटवरची (रॉडची लांबी पक्की धरणारं नट) माती जशीच्या तशी, कधीही हात न लागलेली. तेव्हापासून मी दुकानात जायच्या आधी चेक नटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो.

खेप दुसरी, हडपसरच्या बाजूला. छोटं शेड, खड्डा, जुनं मशीन, आणि मालक काका वयाने सत्तरीच्या आसपास. त्यांनी मशीन चालूच केलं नाही. आधी चारही चाकांची हवा (मी २६ ठेवतो, एकात २१ निघाली, लाज वाटली), मग गाडी जॅकवर, चाक हलवून बेअरिंग, टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट. सगळं ठीक. मग खड्ड्यात उतरले, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि जंपिंग रॉडच्या मध्ये पहार घातली आणि हलकेच दाबलं. डावा आर्म मागे सरकला की हो, चांगला दिसेल इतका.

"हे बघ. चाक मागं जातंय. मशीन काय करंल याला?"

८०० मध्ये जंपिंग रॉड दोन कामं करतो, गाडी वळणात झुकू देत नाही आणि लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. त्याच्या टोकाचे बुश (रबरी गाद्या) गेले की चाक दाराच्या बाजूला सरकतं, कास्टर कमी होतो, आणि गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. ब्रेक मारला की चाक अजून मागे. सगळी लक्षणं एका ओळीत! आणि डावंच का, तर रस्त्याच्या कडेचे खड्डे तेच चाक खातं. काका म्हणाले, बुश आण, मग ये. एक रुपया घेतला नाही.

नाना पेठेतून दोन्ही बाजूंचा सेट आणला, २८० रुपये. एकाच बाजूचे बदलायचा मोह झाला होता, पण नको. घरीच टाकले, उजवीकडचं नट गंजून असं बसलं होतं की डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं तेव्हा हललं. एक महत्त्वाचं: नट शेवटचं घट्ट करायचं ते गाडी चाकांवर उभी करून, जॅकवर लटकत असताना केलं तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो.

खेप तिसरी. आता काकांनी मशीन लावलं. गाडी ढकलून रिमचा हिशोब, पिना बाहेर, बॉनेट दाबून गाडी दोन-तीनदा उसळवली म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं, ब्रेक पेडलला दांडा. स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून कास्टर: डावा ३ अंश २० मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), उजवा ३ अंश ३०. कॅम्बरमध्ये फरक १५ मिनिटांचा. एसएआय (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा आतल्या बाजूचा कल) दोन्हीकडे सारखा. म्हणजे स्ट्रट कधी वाकलाच नव्हता, त्या मुलाने जॅक लावला असता तर मात्र नक्की वाकला असता.

मग स्टेअरिंग खोलून रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) मधोमध आणला, त्यावर स्टेअरिंग सरळ बसवून लॉक केलं, आणि टो दोन्ही टाय रॉडवर वाटून. रॉड फिरवायच्या आधी रॅक बूटची (रॅकवरच्या रबरी आवरणाची) क्लिप सैल केली काकांनी, नाहीतर बूट पिळतो आणि पावसात पाणी आत. शेवटी टो शून्याच्या जवळ, चेक नट घट्ट, वर माझा पांढरा ठिपका.

बायपासला नेली. हात सोडून मोजलं, बारा सेकंद सरळ, मग किंचित डावीकडे, तो रस्त्याचा उतार. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले, "मी सांगत होतो ना, रस्ताच उतरता आहे."

प्रिंटआउट ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय, हजार किलोमीटरनंतर पुन्हा तंगूस लावून मोजणार. ७५ ला स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर राहिलीये, ते बॅलन्सिंग असावं, पुढच्या शनिवारी. उजव्या मागच्या ड्रममधून किर्र आवाज येतोय, त्याबद्दल कोणाला अनुभव असेल तर सांगा.