अस्तंभ्याचा उतार

नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या अस्तंभा डोंगराच्या यात्रेला जाऊन आलो म्हटलं की सगळे शिखरावर काय दिसलं ते विचारतात. मला मात्र उतार आठवतो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही पाच जण तळोद्याहून निघालो. गुडघा दुखरा, म्हणून घरचे नको म्हणत होते. शेजारचे आबा दरवर्षी जातात, त्यांच्या भरवशावर गेलो. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत या डोंगरात फिरतो, ही इकडची श्रद्धा. आबांच्या पिशवीत तेलाची बाटली होतीच.

चढ रात्रीतच झाला. पुढच्याच्या टाचेवर बॅटरी धरायची आणि चालायचं. डोंगर तेराशे मीटरच्या वर आहे, पण अंधारात उंची कळत नाही. ती कळली सकाळी, खाली बघितल्यावर. पाय जागचे हलेनात.

मागे माउंट अबूला गुरुशिखराच्या वाटेवर ग्रॅनाइटवर चाललो होतो. तो दगड खरखरीत, बूट धरून ठेवतो. आपला सातपुडा बहुतेक बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्यामुळे उभा कातळ, मग मुरमाड उतार, पुन्हा कातळ. मुरमावर सुटे दगड, आणि दिवाळीच्या सुमाराला त्यांवर वाळलेलं गवत. दगड पक्का की सुटा, ते पाय पडेपर्यंत कळत नाही.

आबा माझ्या खालच्या बाजूला उभे राहिले. "हाऊ दगड हालस भो, बाजूले पाय ठेव." प्रत्येक दगड आधी काठीने दाबून बघायचे, मग मला खूण करायचे. कातळ आला की तोंड डोंगराकडे करायला लावायचे. दोन हात आणि एक पाय पक्के असल्याशिवाय दुसरा पाय उचलू दिला नाही. एकदा माझ्या टाचेखालून नारळाएवढा दगड सुटला. आबा ओरडले, "दगड!" खालची माणसं झटकन कडेला झाली. तो गवतातून उड्या मारत गेला, थांबल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मी श्वास घेतला. त्यानंतर घाई केली नाही. मागून येणाऱ्यांना वाट देत राहिलो.

पायथ्याशी पोचायला दुपार झाली. आबांनी फडकं सोडलं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा. जेवता जेवता ते माझ्या पॅन्टला लागलेली कुसळं एकेक करून उपटत होते.