शनिवार तेल्यांच्या मुंबईत

आमचं घराणं तेल्याचं. अमळनेरात आजोबांचा लाकडी घाणा होता आणि सोमवारी तो कधी फिरला नाही. बैल महादेवाचा, वारही महादेवाचा, म्हणून त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा घरचा नेम. कोकणातही असेच घाणे होते, पण तिथले काही तेली सोमवारी नाही तर शनिवारी घाणा बंद ठेवत आणि ते ज्यू होते, हे मला बी.एड. करताना एका जुन्या पुस्तकातून कळलं. गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणत आणि आमच्यासारख्यांना सोमवार तेली. ते वाचल्यापासून बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या या ज्यू लोकांबद्दल मिळेल ते वाचत गेले. घरातच कुणीतरी राहून गेलेलं भेटावं, तसं वाटायचं.

मुंबईत ज्यू वारशाच्या पायी सहली होतात, सोबत माहीतगार माणूस असतो, हे एका मैत्रिणीकडून समजलं. घरी विषय काढला तर धाकटे काका लगेच म्हणाले, "मी बी येस." काकांचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. पण घाण्यावर प्रत्यक्ष काम केलेले आमच्या घरात आता तेवढेच उरलेत. त्यांना सोडून जाणं बरं वाटलं नसतं.

नावनोंदणी फोनवर झाली. खरी तयारी त्यानंतरची. प्रत्येकाचं नाव आणि आधार कार्डाची प्रत आधी पाठवायची आणि मूळ कार्ड जवळ ठेवायचं, असं सहलवाल्यांनी दोनदा बजावून सांगितलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी कुलाब्याच्या नरिमन हाउसमधल्या ज्यू केंद्रातही माणसं मारली. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या दारात पोलीस असतात आणि ओळख पटल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. त्याचा कुणी राग मानू नये. फोटोसाठी वेगळी परवानगी लागते, आणि आत गेल्यावर तिथल्या सेवकाला पुन्हा विचारायचं असतं.

वार निवडताना जपावं लागतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस लागतो, तो शनिवारी रात्री संपतो, त्यामुळे शनिवारी सहल नसतेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे मोठे सण लागोपाठ येतात. त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ बसावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात. हे ऐकल्यावर काकांनी फोनवरच्या बाईंना विचारलं, त्या महिन्यात जावयाला वाण देता का? त्या खूप हसल्या. नाही म्हणाल्या, पण रविवारची दोन नावं लगेच पक्की केली.

खान्देश एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून, पुढे लोकल बदलत मशीद स्टेशनला उतरलो. रविवार म्हणून बाजार शांत होता. एरवी त्या भागात मिरची, हळद, सुकामेवा यांच्या गोण्यांमधून वाट काढावी लागते. जमलेली मंडळी बहुतेक मुंबईचीच. मार्गदर्शक बाई स्वतः बेने इस्रायली, ठाण्याला राहणाऱ्या. त्यांनी सुरुवात इंग्रजीत केली, मग काकांची पांढरी टोपी आणि धोतर बघितलं आणि सरळ मराठीत आल्या. ती मराठी आपल्या घरातलीच. "आमची मातृभाषा हीच," त्या म्हणाल्या, "हिब्रू प्रार्थनेपुरती."

पहिला मुक्काम शार हरहमीम, म्हणजे दयेचं द्वार. मांडवीतलं हे सिनेगॉग मुंबईतलं सगळ्यात जुनं, १७९६ सालचं. आताच्या जागेवर ते १८६० मध्ये आलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि म्हैसूरच्या लढाईत कैद झाले. समाजात अशी कथा सांगतात की कैद्यांना मारायचं ठरलं होतं, पण हे बेने इस्रायल आहेत म्हटल्यावर टिपूच्या आईने त्यांची सुटका करवली. जिवंत परतलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, हा नवस त्यांनी फेडला. शेजारच्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.

दारात काकांनी सवयीने वहाणा काढल्या. सेवक म्हणाले, राहू द्या काका, इथे काढायची गरज नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, त्यासाठी दाराशी छोट्या गोल टोप्या ठेवलेल्या, त्यांना कीपा म्हणतात. बाकीच्या पुरुषांनी त्या उचलल्या. काका हात पुढे करणार, तोच सेवकांनी त्यांच्या गांधी टोपीकडे बोट दाखवून सांगितलं, "तुमची चालते." काकांना त्याचा केवढा आनंद झाला! दिवसभर प्रत्येक दारात ते आधी टोपीला हात लावायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे.

आत मधोमध लाकडी कठडा असलेला चौथरा आहे. तिथून प्रार्थना चालवतात. समोरच्या भिंतीत कपाट, त्याला पडदा. कपाटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. एक अक्षर चुकलं किंवा पुसलं गेलं, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला घेत नाहीत. मूर्ती नाही, चित्र नाही. वर स्त्रियांसाठी माडी. एका बाजूला रिकामी खुर्ची होती, ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची. मुलाची सुंता होते तेव्हा त्याला आधी त्या खुर्चीवर ठेवतात.

आणि छताला काचेचे दिवे टांगलेले. बाकीची मंडळी भिंतीवरच्या पाट्या वाचत होती. काका मात्र एका दिव्याखाली मान वर करून उभे राहिले. काचेच्या प्याल्यात तळाला पाणी, त्यावर तेलाचा थर, मध्ये तरंगती वात. बराच वेळ निरखून झाल्यावर त्यांनी सेवकांना विचारलं, "आठे कोनतं तेल वापरतस?" सेवक म्हणाले, खोबरेल. काकांनी मान हलवली. आमच्याकडे भुईमूग, तीळ, करडई. खोबऱ्याचा घाणा त्यांनी कधी चालवला नव्हता. खोबरं कितपत वाळलेलं लागतं, लाट, म्हणजे घाण्यातलं फिरतं लाकूड, जड लागते की हलकी, ढेपेचं काय करायचं, हे सगळं ते विचारत सुटले. सेवकांना त्यातलं सांगता येईना, पण मार्गदर्शक बाईंच्या आजोळी अलिबागकडे पूर्वी घाणा होता. त्यांनी आईकडून ऐकलेलं सांगितलं. शुक्रवारी दुपारनंतर घाणा पुसून बैल सोडायचे, ते रविवारी सकाळी जुंपायचे. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यास्ना शनिवार, आपला सोमवार." मग त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं, त्यात सहल दहा-पंधरा मिनिटं थांबली आणि कुणीही तक्रार केली नाही.

बाईंनी तिथेच बसून बेने इस्रायलींची मूळ कथा सांगितली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ग्रंथ समुद्रात गेले. आठवणीत राहिली ती शेमा ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्याचे काही नियम. बाकी सगळं कोकणातून घेतलं. गावावरून आडनावं आली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर. बायका मंगळसूत्र घालू लागल्या, लग्नात मेंदी आली. नवस फेडताना किंवा शुभकार्यात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. एकोणिसाव्या शतकात तर ते बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करू लागले. वल्हांडण, म्हणजे पासओव्हर या ज्यू सणाच्या रात्री घरी वाचायचं पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलं, आणि त्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत.

हे ऐकताना मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. हजारो मैलांवरून आलेल्या माणसांना इथे कुणी छळलं नाही, धर्म सोडायला लावला नाही, आणि त्यांनीही या मातीची भाषा जिवाभावाने उचलली. महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. माझ्या मते तो फार आधी मिळायला हवा होता.

पुढे इस्राएल मोहल्ल्यातून चालत गेलो. आता तिथे ज्यू घरं जवळपास उरली नाहीत. शारे रासोन हे १८४३ चं सिनेगॉग बाहेरूनच पाहिलं, कारण आत कार्यक्रम होता. असं होऊ शकतं, ते मनात धरूनच जावं.

भायखळ्याला टॅक्सीने गेलो. मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ चं, निळं, घड्याळाचा मनोरा असलेलं. डेव्हिड सासून यांनी बांधलं, नातू जेकब सासून यांनी १९१० मध्ये वाढवलं. सासून बगदादी ज्यू, घरी अरबी बोलणारे. डेव्हिड सासून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बगदादचा छळ सोडून मुंबईला आले. आवारातल्या सासून शाळांमध्ये आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि शाळा सुरळीत चालतात. बाईंनी हे अगदी सहज सांगितलं. मला ते इमारतीपेक्षा मोठं वाटलं.

इथे बाईंनी एक गोष्ट लपवली नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. सासूनांची दौलत कापसाची तशीच चीनला जाणाऱ्या अफूचीही. त्यातूनच दवाखाने, शाळा, वाचनालयं उभी राहिली. दोन्ही सांगायला हवं. कापसाचं नाव निघाल्यावर आम्ही खान्देशी कान टवकारणारच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खान्देशातून पुढे नागपूरपर्यंत गेली आणि आमच्याकडच्या गाठी गाडीत चढून थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. कुलाब्याची सासून गोदी १८७५ ची, ती त्या व्यापाराच्या भरभराटीतून आली.

शेवट काळा घोड्याला. डेव्हिड सासून वाचनालयाची १८७० ची इमारत, मागे झाडांची शांत बाग. आणि जवळच केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, जेकब सासून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधलेलं. २०१९ मध्ये त्याची डागडुजी पूर्ण झाली. रंगीत काचांतून येणारं ऊन, कोरीव खांब, सगळं झळाळतं. देखणेपणात त्याला तोड नाही. तरीही मला विचाराल तर मांडवीचं जुनं सिनेगॉग आधी बघा. सासूनांचा वारसा दगडात आहे आणि तो मुंबईत कुणीही दाखवील. बेने इस्रायलींचा वारसा माणसांच्या बोलण्यात आहे आणि माणसं कमी होत चालली आहेत. १९४८ मध्ये इस्राएल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. भारतात आता सगळे मिळून काही हजार ज्यू उरलेत. इस्राएलात गेलेले अजूनही मराठी बोलतात, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक काढतात आणि महाराष्ट्र दिन साजरा करतात.

खान्देशातून जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, दुपारी उन्हात मांडवीत चालवत नाही. वयस्क माणूस सोबत असेल तर ते आधीच सांगावं, भायखळा आणि काळा घोडा यांच्यामधल्या टॅक्सीची सोय सहलवालेच करतात. माडीचे जिने उभे आहेत. काका चढले नाहीत, खालीच बसले. शिवाय पुण्याला जाणं होत असेल तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, पाहता येतं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. डेव्हिड सासून यांची समाधी तिथेच आहे.

निरोप घेताना काकांनी पिशवीतून शेंगदाणा तेलाची बाटली काढून बाईंना दिली, चुलतभावाच्या नव्या लाकडी घाण्यावरची. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि मलिद्याच्या दिवशी फोन करते म्हणाल्या. आमचं दिवाळीनंतर अलिबागला जायचं ठरलं आहे. नवगावचं स्मारक पाहायचं, अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगची परवानगी काढायची, आणि बाईंच्या आजोळचा घाणा कुठे होता ती जागा काकांना दाखवायची.